भुवईपासून चार बोटं

पहिला विग घालून मी शाळेत गेले, त्या दिवशी दुसरीतल्या एका मुलीने हात वर करून विचारलं, "बाई, तुम्ही नाटकात काम करता?"

तिच्या मनात खोट नव्हती. आमच्या गावात जत्रेला नाटक होतं, केसांचे टोप तिने तिथेच पाहिलेले. तिला जे दिसलं ते तिने विचारलं. मी "नाही गं" म्हटलं आणि पाढे पुढे चालू केले. मधल्या सुट्टीत मात्र विग काढून पिशवीत ठेवला आणि उरलेला दिवस डोक्यावरून ओढणी घेऊन शिकवलं. संध्याकाळी फोंड्याहून घरी जाताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले होते.

मला चाई आहे. तीन वर्षांपूर्वी कानामागे रुपयाएवढा डाग पडला. शेजारच्या काकींनी लसूण चोळायला सांगितली, कुणी म्हणालं केसांना कीड लागली. कीड नसते ती. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच केसांच्या मुळांवर उलटते. कुणाचा कंगवा वापरल्याने ती होत नाही आणि आपल्यापासून कुणाला लागत नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी डागांमध्ये इंजेक्शनं दिली, काही डाग भरूनही आले. पण पुढच्या पावसाळ्यात सगळीकडूनच केस जायला लागले. एका रविवारी उरलेली वेणी मी मुळाशी रबर बांधून कापली आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिली. का ठेवली ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

तो पहिला विग ऑनलाइन घेतलेला, 1,800 रुपयांचा. कमरेपर्यंत लांब, काळाकुळकुळीत. माझी वेणी लांब होती म्हणून मी लांबच बघितला. आता कळतं की मी स्वतःच्या आठवणीसाठी विग निवडत होते, स्वतःच्या चेहऱ्यासाठी नाही.

दुसऱ्यांदा चूक करायची नव्हती आणि हातात 6,000 रुपयेच होते. मुंबईत एका दुकानात खऱ्या केसांचा, हाताने गाठवलेला विग बघितला होता, त्याचे 32,000 सांगितले. तो विषय तिथेच संपला. मग मी पहिला विग घेऊन काकांकडे गेले. काका आयुष्यभर जत्रेच्या, उत्सवाच्या नाटकांची रंगभूषा करत आले. त्यांच्या ट्रंकेत राजाचे टोप, ऋषीच्या जटा, म्हातारीचा पांढरा आंबाडा, सगळं अजून नीट गुंडाळून ठेवलेलं आहे. त्यांनी माझा विग हातात घेतला, उलटा केला, खिडकीशी नेला.

"बाय, स्टेजवरचा टोप तिसऱ्या रांगेतून बघायचा असतो," ते म्हणाले. "तुला मासळीवाली हातभर अंतरावरून बघणार. ह्यात सगळंच जास्त आहे. केस जास्त, चमक जास्त, काळं जास्त. आणि कपाळ कमी."

मग मला आरशासमोर बसवून त्यांनी माझ्या भुवईवर आडवी चार बोटं ठेवली. केसांची रेषा साधारण तिथे, चौथ्या बोटाच्या वर सुरू व्हायला हवी. माझा विग अडीच बोटांवर बसला होता. विग सरकेल या भीतीने आपण तो पुढे ओढतो आणि चेहरा लहान, डोकं मोठं दिसायला लागतं. तो मागे सरकवल्यावर, त्याच 1,800 रुपयांच्या विगमध्ये, मी थोडी मला दिसले.

त्या दुपारी काकांकडून शिकले आणि पुढे स्वतः ताडून बघितलं, ते आता सांगते.

आधी टेप घेऊन डोकं मोजा. कपाळावर जिथून केस सुरू होत होते तिथून, कानांच्या मागून, मानेच्या खळगीवरून पूर्ण फेरा. बाजारातले बहुतेक विग 54 ते 57 सेंटिमीटरचे असतात. माझं डोकं केस गेल्यावर 53 भरलं. केस असताना मोजलेलं माप केस गेल्यावर चालत नाही. आतल्या पट्ट्यांचे हूक आवळून एखादा सेंटिमीटर सांभाळता येतो, त्याहून जास्त नाही. सैल विग वाऱ्यात हलतो, घट्ट विग दुपारपर्यंत डोकं दुखवतो.

मग जाळी. स्वस्त विगमध्ये केसांच्या पट्ट्या टोपीवर ओळीने शिवलेल्या असतात. महाग विगमध्ये बारीक जाळीच्या एकेका भोकात एकेक-दोन-दोन केस हाताने गाठवतात, म्हणून तो त्वचेतून उगवल्यासारखा दिसतो. पैसे त्या हातकामाचेच. पण समोरच्याची नजर जाते दोनच ठिकाणी, कपाळाच्या रेषेवर आणि भांगावर. तेवढ्या दोन जागी जाळी असली आणि बाकी सगळा विग शिवलेला असला तरी चालतं. याला दुकानात लेस फ्रंट म्हणतात, भांगाची जाळी असेल तर मोनो पार्टिंग. तेवढीही ऐपत नसेल तर कपाळावर विरळ बट असलेला विग घ्या. रेषाच झाकली गेली की तिच्यावर पैसे घालायची गरज उरत नाही. माझ्या ओळखीच्या एकीने केमोनंतर तसाच घेतला, 2,000 च्या आत, आणि तिला तो शोभायचा.

खरे केस की कृत्रिम, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. कमी पैशात "100 टक्के ह्युमन हेअर" मिळतो असं दिसलं की मी आता पुढे जाते. चांगल्या केसांत सगळ्यांची मुळं एका बाजूला, टोकं एका बाजूला असतात, कारण केसाला माशासारखे बारीक खवले असतात आणि ते सगळे एका दिशेने असले तरच केस गुंतत नाहीत. त्याला रेमी म्हणतात. तिरुमलाला भाविक मुंडण करून केस अर्पण करतात आणि देवस्थान त्यांचा लिलाव करतं. असे एकगठ्ठा कापलेले लांब केस महागच जाणार. स्वस्तातले पुष्कळदा कंगव्यातून निघालेला गुंता गोळा करून केलेले असतात. भांड्यांच्या बदल्यात केस घेणारे फेरीवाले आठवत असतील तुम्हाला, तोच माल. त्यातल्या केसांची दिशा उलटसुलट, म्हणून आम्लात घालून खवले काढतात आणि वर सिलिकॉनचा थर देतात. दुकानात तो रेशमासारखा वाटतो. चार धुण्यांत थर जातो आणि मानेजवळ काथ्या होतो. मनात शंका असेल तर एक केस काढून जाळून बघा. खरा केस जळक्या पिसासारखा वास देतो आणि राख होते, कृत्रिम केस वितळून त्याचा टणक मणी होतो.

मी कृत्रिम घेतला आणि आपल्या गोव्यात तो मला बरा पडला. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत जी ओल असते, तिच्यात खरे केस फुगतात, पिंजारतात, धुतले तर दुसऱ्या दिवशीपर्यंत वाळत नाहीत. कृत्रिम धाग्याला ज्या वळणाचं केलेलं असतं तेच वळण तो धरून ठेवतो. रात्री पंख्याखाली ठेवला की सकाळी कोरडा. त्याचा शत्रू म्हणजे उष्णता. कुकरचं झाकण उघडताना आलेली वाफ, तळणाची कढई, ओव्हनचं दार. एकदा पुढची बट अशी आकसली की ती परत येत नाही. म्हणून स्वयंपाकघरात मी विग घालत नाही, सुती टोपी घालते. घरच्यांना आता त्याची सवय झाली.

रंग. जेट ब्लॅक घेऊ नका. आपले केस काळे आहेत असं आपल्याला वाटतं, पण उन्हात बघितले तर ते गडद तपकिरीकडे झुकतात. रंगाच्या तक्त्यावर 1 नंबर म्हणजे कुळकुळीत काळा, 1बी म्हणजे नैसर्गिक काळा, 2 म्हणजे अगदी गडद तपकिरी. मी 1बी आणि 2 दोन्ही घेऊन दुकानाबाहेर उजेडात उभी राहिले आणि 2 घेतला. त्रेचाळीस वर्षांच्या चेहऱ्याभोवती वीस वर्षांचा काळा रंग ठेवला की चेहरा थकलेला दिसतो.

लांबी खांद्याच्या वर ठेवा. हे मला सगळ्यात जड गेलं. पण केस खांद्याला टेकले की ब्लाउजच्या काठाशी, पदराच्या पिनेशी घासून मानेजवळ गुंतत जातात, आणि विग खराब व्हायला तिथूनच सुरुवात होते. शिवाय शिवलेल्या विगचा आंबाडा बांधला तर मानेवर पट्ट्या उघड्या पडतात.

विगवर लिहिलेला केसांचा दाटपणा 120-130 टक्क्यांच्या वर नको. 150, 180 लिहिलेलं असेल तर ते फोटोत छान दिसतं, खुर्चीवर बसून हजेरी घेणाऱ्या बाईवर नाही. माझा जास्तच होता, म्हणून नाक्यावरच्या पार्लरवालीकडे गेले. तिने याआधी विग कधी कापला नव्हता. मी तो डोक्यावर घालूनच बसले, कारण चेहऱ्यावर बसल्याशिवाय कळत नाही. तिने विरळ करायच्या कात्रीने आतून थोडं थोडं काढलं, वरून हात लावला नाही. कृत्रिम केस परत वाढत नाहीत, हे मी तिला दोनदा सांगितलं आणि तिने दोन्ही वेळा मान डोलावली. 300 रुपये घेतले. तिच्या हातात कला आहे.

चमक घालवायला साधी टाल्कम पावडर. चिमूटभर हातावर चोळून केसांवरून फिरवायची, पाच मिनिटांनी ब्रशने झटकायची, नाहीतर राखाडी झाक राहते. भांगाच्या जाळीवर आपल्या रंगाची कॉम्पॅक्ट पावडर लावायची, म्हणजे जाळी पांढरी दिसत नाही. आणि भुवया विसरू नका. माझी डावी भुवई अर्धी गेली आहे. तपकिरी पेन्सिलीने ती भरली नाही, तर कितीही चांगला विग घातला तरी बघणाऱ्याला काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं.

विग टिकवायला गोंद मी वापरत नाही. आपल्या घामात चिकटपट्टीही दुपारपर्यंत सुटते. कपाळाभोवती मखमली पट्टा, त्याच्यावर विग. टक्कल असलं तरी मखमल धरून ठेवते. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीवर, वाऱ्यात उभी राहून, मी त्याची परीक्षा घेतली आहे.

हिशेब असा: विग 4,500, पट्टा 350, दोन सुती टोप्या 250, पार्लर 300. एकूण 5,400. रोज घातला तर कृत्रिम विग चार-सहा महिने चांगला राहतो. माझा सात महिने गेला, कारण रविवारी त्याला विश्रांती असायची आणि मी तो थंड पाण्यात, न चोळता, सौम्य शाम्पूने धुवायचे आणि ओला असताना कंगवा लावायचे नाही.

पण ज्याने तो विग माझा झाला, ते या हिशेबात नाही.

सगळं झाल्यावर काकांना दाखवायला गेले. त्यांनी बघून "बरा आहे" म्हटलं आणि मग विचारलं, "तुझी वेणी कुठे आहे?" त्यांना वाटलं होतं मी टाकली असेल. मी डबा आणून दिला. मला वाटलं, आता ते त्याचा विग करतात. ते म्हणाले, एका डोक्याचा टोप एका वेणीत होत नाही, अनेक वेण्या लागतात, आणि इतकं गाठवायला त्यांचे डोळे आता पुरणार नाहीत. पण पुढची ओळ होईल.

हुकाच्या बारीक सुईने त्यांनी माझ्या वेणीतला एकेक केस विगच्या पुढच्या जाळीत गाठवला. चार संध्याकाळी. आधी चिमट्याने तिथले कृत्रिम केस काढून रेषा मोडून घेतली, कारण खऱ्या माणसाची रेषा सरळ नसते, कुठे आत जाते, कुठे बाहेर येते. मुळाची बाजू वर राहील याकडे त्यांचं लक्ष होतं, आणि मी रबर मुळाशीच बांधलं होतं, ते बघून त्यांनी मला शाबासकी दिली. कानांजवळ त्यांनी मुद्दाम पांढरे केस निवडून लावले. माझेच पांढरे केस. चाळिशीत मी ते मेंदीने झाकायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला तेव्हा मी विग घालून दाराशी गेले. हा माणूस मला वर्षानुवर्षं रोज हातभर अंतरावरून बघतो. त्याने चार पोळ्या (कोंड्याचे पाव) दिल्या, सुटे दिले, "आज पाऊस लागणार" म्हणाला आणि सायकल पुढे नेली. मी पोळ्या हातात धरून बराच वेळ दारातच उभी होते.

श्रावणात म्हार्दोळला देवीला गेले. बाहेर जायांच्या फाती, म्हणजे जाईचे गजरे, विकायला बसलेल्या बायकांपैकी एकीने नेहमीसारखी फात पुढे केली. कृत्रिम केसांवरून पिन निसटते, हे माहीत होतं म्हणून मी घरूनच विगच्या आतल्या टोपीला, कानामागे, काळ्या दोऱ्याचा एक छोटा फास शिवून आणला होता. फात त्यात अडकवली. दिवसभर राहिली.

आता तिसरा विग चालू आहे. काकांनी पुढची ओळ जुन्यावरून काढून नव्यावर लावली, थोडे केस तुटले, थोडे नवे घेतले. परवा डबा उघडून त्यांनी वेणी उजेडात धरली, हातात तोलली आणि म्हणाले, अजून पाच-सहा टोपांना पुरेल.