बालवर्गात मूल पाठवताना: ताईंना काय सांगायचं, घरी काय करायचं

जूनमध्ये पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. एबीसीडी कधी सुरू होणार, वह्या किती लागतील, गृहपाठ असतो का? बालवर्गाच्या ताईंचं लक्ष तेव्हा दुसरीकडे असतं. मुलाला स्वतःचा डबा उघडता येतो का, चड्डी खाली-वर करता येते का, आणि शू-शी लागली की सांगता येतं का, हे त्या बघत असतात. पहिल्या सत्रातली निम्मी रडारड या तीन गोष्टींपाशी सुरू होते.

त्याआधी वयाबद्दल थोडं. महाराष्ट्रात नर्सरीसाठी ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण हवीत. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल जूनमध्ये अडीच वर्षांचं असतं आणि शेजारच्या पाटावरचं जानेवारीतलं मूल जवळजवळ साडेतीनचं. तेव्हा ‘त्याला येतं, हिला का येत नाही’ असं म्हणण्याआधी जन्ममहिना विचारावा.

आता शू-शी. याबद्दल पालक सगळ्यात कमी बोलतात आणि अडतं सगळ्यात जास्त इथेच. घरी कमोडची सवय असलेलं मूल शाळेत उकिडवं बसायचं भांडं पाहून बिचकतं, कुणाला फ्लशच्या आवाजाची भीती वाटते. मग ते धरून ठेवतं. शी धरून ठेवली की ती कडक होते, करताना दुखते, दुखलं म्हणून मूल आणखी धरतं. काही दिवसांनी त्या कडक खड्याच्या कडेने पातळ शी चड्डीत झिरपायला लागते. घरच्यांना वाटतं जुलाब झाले, आणि ते जुलाब थांबवायचं औषध देतात. मूळ तक्रार बद्धकोष्ठाची असते, त्यामुळे हे औषध नेमकं उलटं पडतं. असं दिसलं तर मुलाला रागावू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

ते टाळायला सकाळची घडी बसवावी लागते. शाळेच्या निदान दीड तास आधी उठवा. काही खाल्ल्यानंतर आतडी हलायला लागतात, म्हणून खाणं झाल्यावर पाच-दहा मिनिटं बसवायचं. कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट द्या; लोंबकळत्या पायांनी जोर करता येत नाही. शाळा सुरू व्हायच्या आधी एकदा शाळेतला संडास दाखवून आणा. तुमच्या घरात शूला जो शब्द असेल तो ताईंना सांगा. बेल्ट, जीन्स, घट्ट बटण नको, इलॅस्टिकची चड्डीच बरी. दप्तरात कपड्यांचा एक जादा जोड, दोन चड्ड्या आणि ओल्या कपड्यांसाठी प्लास्टिकची पिशवी ठेवा. पावसाळ्यात मोज्यांचा जोडही. सगळ्यावर न पुसणाऱ्या मार्करने नाव, पण आतल्या बाजूला. दप्तराच्या बाहेर फक्त फोन नंबर असू द्या, कारण अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल त्याला ओळखीचा समजतं.

डब्याची एक गंमत आहे. गरम पोळी-भाजी घालून स्टीलचं घट्ट झाकण लावलं की आतली वाफ थंड होते आणि झाकण आत ओढलं जातं. मग ते मोठ्यांनाही निघत नाही, आणि वर्गात एकाच वेळी वीस डबे उघडायचे असतात. पदार्थ कोमट झाल्यावरच झाकण लावा, आणि तो डबा मुलाकडून घरी चार-पाच वेळा उघडून घ्या. खायला पंधरा-वीस मिनिटं मिळतात. एक छोटी पोळी, तीही तुकडे करून किंवा गुंडाळी कापून, पुरते. डबा अर्धा परत आला तर दुसऱ्या दिवशी कमी द्या. जास्त भरून भूक वाढत नाही. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न, गोळ्या मात्र नकोत. या वयात चावणं पक्कं नसतं आणि श्वासनलिका अरुंद असते. हसता-बोलता खाताना दाणा तिकडे जातो. पोह्यांतले शेंगदाणेसुद्धा वेचून काढा, द्राक्षं उभी चिरून द्या.

रडण्याबद्दल. बहुतेक मुलं एक ते तीन आठवड्यांत रुळतात. निरोप छोटा हवा: एक मिठी, एक वाक्य, आणि निघायचं. नजर चुकवून पळू नका. एकदा तसं झालं की दुसऱ्या दिवशी मूल दारातच हाताला चिकटतं, कारण आई कधीही नाहीशी होऊ शकते हे त्याला कळलेलं असतं. ‘साडेबाराला येते’ हे त्याला समजत नाही. ‘डबा खाऊन, गोष्ट ऐकून झाली की येते’ हे समजतं. आणि मग खरंच वेळेवर या. खिडकीतून डोकावणाऱ्या आजोबांना प्रेमाने घरी पाठवा. गणपतीच्या आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर रडणं पुन्हा येतं, ते दोन-तीन दिवसांत जातं. महिना उलटूनही मूल शाळेत खात नसेल, शूला जात नसेल, रोज सकाळी पोट दुखत असेल, तर ताईंशी नीट बसून बोला. दारात मूल सोडताना मात्र हे बोलणं काढू नका, तेव्हा त्यांच्या हातात चार रडणारी मुलं असतात.

ताप दाबून शाळेत पाठवणं हा सगळ्यांत वाईट प्रकार. सकाळी सातला पॅरासिटामॉल दिलं की चार-सहा तासांत, म्हणजे वर्ग चालू असतानाच, ताप परत चढतो, आणि तोवर शेजारच्या मुलांनाही लागण झालेली असते. औषधाशिवाय पूर्ण चोवीस तास ताप नसेल तेव्हाच पाठवा. कांजिण्यांमध्ये सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरीच. पूर्वी तापात झटके आले असतील, दमा असेल, एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल तर ते पहिल्याच दिवशी लेखी द्या, सोबत काय करायचं आणि कुणाला फोन करायचा तेही. ‘सांगितलं तर प्रवेश देणार नाहीत’ या भीतीने झटके लपवणारे पालक असतात. झटका आल्यावर काय करायचं हे माहीत नसलेल्या ताईंच्या हाती मूल देण्यात त्याहून मोठा धोका आहे.

घरी मराठी आणि शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर काही मुलं वर्गात महिनोन् महिने गप्प असतात. ती ऐकून साठवत असतात. त्यासाठी घरची भाषा बदलू नका. मोडक्या इंग्रजीत बोलणाऱ्या आईपेक्षा भरभरून मराठी बोलणारी आई मुलाच्या जास्त कामाची. पाणी, संडास, दुखतंय, नको, एवढं इंग्रजीत सांगता आलं की सुरुवातीला पुरे. पण घरीसुद्धा तीन वर्षांचं मूल दोन-तीन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा चार वर्षांच्या मुलाचं बोलणं बाहेरच्यांना बहुतांश कळत नसेल, तर ‘याचा बाबाही उशिरा बोलला’ म्हणून थांबू नका. आधी कानांची तपासणी. सर्दी मुरून कानात पाणी साठलं तरी ऐकू कमी येतं आणि बोलणं मागे पडतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलांना तपासतं, पुढच्या तपासणीसाठी डीईआयसी केंद्राकडे (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं जिल्ह्याचं केंद्र) पाठवतं आणि उपचार मोफत असतात. खासगी बालवर्गातल्या पालकांनी सरकारी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणासाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

लिहिण्याची घाई कराल तर पेन्सिल मुठीत धरायची सवय लागते आणि ती मोडायला पुढे वर्ष जातं. आधी बोटं तयार होऊ द्या. मटार सोलणं, कणकेच्या गोळ्या वळणं, कागद फाडून चिकटवणं, कपड्यांचे चिमटे लावणं, यांतलं काहीतरी रोज पंधरा मिनिटं. रंगखडू दीड-दोन इंचांचे तुकडे करून द्या. तुकडा चिमटीतच धरावा लागतो. डावखुऱ्याचा हात बदलू नका.

‘आज काय शिकवलं?’ याला उत्तर ‘काही नाही’ असंच येतं. ‘डब्याला शेजारी कोण होतं?’ असं विचारून बघा. सारखं एकच नाव येत असेल, किंवा ‘कुणीच नाही’ असं येत असेल, तर तेवढं ताईंच्या कानावर घाला.