गच्चीवर तिसरं कोण होतं?

माझ्या एका कादंबरीत मध्यरात्री दोन माणसं गच्चीवर बोलत उभी असतात. प्रकरण संपेस्तोवर दोघंही मरतात. पुढे चार प्रकरणांनी इन्स्पेक्टर त्या बोलण्यातलं एक वाक्य, शब्दही न बदलता, संशयिताच्या तोंडावर फेकतो आणि तो पांढराफटक पडतो. हा प्रसंग लिहून झाला त्या रात्री मी स्वतःवर फारच खूश होतो. पुस्तक आलं आणि महिन्याभरात एका वाचकाचं पोस्टकार्ड. टपोरं अक्षर, मजकूर एका ओळीचा : ‘गच्चीवर तिसरं कोण होतं?’

रहस्यकथा लिहिणाऱ्याला शिव्या चालतात, हे असलं चालत नाही. कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं. दोन दिवसांनी काढून पुन्हा वाचलं. पुन्हा टाकलं.

त्याच सुमारास महाभारतातलं आदिपर्व वाचत होतो. पुराणकथांत आम्हा लेखकांना काय सापडतं असं कुणी विचारलं की ‘आदिबंध’ वगैरे म्हणायची पद्धत आहे. खरं सांगायचं तर मी तिथे दुसऱ्याचं सुतारकाम बघायला जातो. परीक्षिताचीच गोष्ट घ्या. सात दिवसांत तक्षक नागाच्या दंशाने मरशील, असा शाप. राजा एका खांबावर महाल उभा करतो, भोवती पहारे, वैद्य, औषधं, मंत्र. एडगर अ‍ॅलन पो यांनी बंद खोलीतला खून लिहिला १८४१ साली. इथे बंद महाल कधीचाच तयार. तक्षक कुठे आहे हे आपल्याला ठाऊक असतं, तो फळातल्या किड्यात आहे. राजाला तेवढं ठाऊक नसतं. सातवा दिवस, सूर्य मावळायला आलेला. आता कसली भीती, म्हणून राजा हसत तो तांबूस, काळ्या डोळ्यांचा इवलासा किडा उचलून स्वतःच्या मानेवर ठेवतो. ‘हसत’ हा शब्द मला आयुष्यात कधी सुचला नसता.

पण मी अडकलो ते थोडं अलीकडे. विष उतरवणारा काश्यप राजाला वाचवायला निघालेला असतो. तक्षक त्याला वाटेत गाठतो आणि विद्येची परीक्षा म्हणून एका वडाला डसतो. झाडाची राख होते. काश्यप त्या राखेतून अंकुर काढतो, मग पानं, मग फांद्या, अख्खा वड पुन्हा उभा. मग तक्षक त्याला राजा देईल त्याहून जास्त धन देतो आणि काश्यप परत फिरतो. सौदा झाला. रानात, दोघांतच.

पुढे जनमेजय बापाच्या मृत्यूची हकीकत ऐकता ऐकता मंत्र्यांना नेमकं तेच विचारतो : निर्जन रानातलं हे बोलणं ऐकलं कुणी?

मी पुस्तक पालथं ठेवलं. हे तर माझंच पोस्टकार्ड!

मंत्र्यांकडे उत्तर आहे. सुक्या काटक्या तोडायला एक माणूस त्याच वडावर चढला होता. तो दोघांनाही दिसला नाही. झाडाबरोबर जळाला आणि झाडाबरोबरच जिवंत झाला. त्यानेच नगरात येऊन सगळं सांगितलं. त्याला नाव नाही, पुढे काम नाही. ज्याने कुणी ही कथा रचली त्याला कधीतरी, कुठल्यातरी मैफलीत, हा प्रश्न कुणी विचारला असणार, अशी माझी पक्की खात्री आहे. पुरावा काहीही नाही.

माझ्या भिंतीवर दर कादंबरीचा एक तक्ता असतो : आडवी प्रकरणं, उभी पात्रं, चौकटीत कुणाला काय केव्हा कळलं. त्यात एक रांग वाढवली. दुसऱ्या आवृत्तीत गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे एक पोरगा झोपवला. बोलण्याने जागा झालेला, घाबरून श्वास रोखलेला. सव्वा पान लागलं. पोस्टकार्डवाल्यांना पुस्तक सप्रेम भेट पाठवलं, आत ‘आपलाच’ म्हणून सहीसुद्धा.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. तेच टपोरं अक्षर.

‘पान ३१ वर रात्री गच्चीला कुलूप असतं असं म्हटलंय. हा मुलगा वर गेला कसा?’

पान ३१ उघडलं. कुलूप होतं. किल्ली कुणाकडे, तेही मीच लिहिलेलं होतं.