काठी धाकलानी

निकाल लागून दीड वर्ष झालं. तरी एक शब्द डोक्यातून जात नाही. खरं तर शब्दही नाही, एक प्रत्यय.

मी सत्र न्यायालयात लघुलेखक आहे. खटल्याची खूण पटेल असे तपशील गाळलेत किंवा बदललेत. भाषेचा तपशील मात्र तसाच ठेवलाय, कारण सगळं त्यावरच आहे. नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेला, म्हणजे बागलाण, कळवण, देवळा, मालेगाव या पट्ट्यात, घराघरांत अहिराणी बोलतात. मी निफाडकडची. एकाच जिल्ह्यातली असूनही नोकरीची पहिली दोन वर्षं साक्षीदाराच्या तोंडाकडे बघून अंदाज बांधण्यात गेली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, साक्षीदार बोलतो तसं आम्ही टाइप करतो. तसं नसतं. वकील प्रश्न विचारतात, साक्षीदार उत्तर देतो, न्यायाधीश त्याचं एक सलग वाक्य करून मला सांगतात आणि मी ते उतरवते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७६ मध्येच आहे की सत्र खटल्यातली साक्ष सामान्यतः निवेदनाच्या रूपात घ्यायची. (ही जुनी संहिता, नवी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, आमचा खटला त्याआधीचा.) एखादा भाग प्रश्नोत्तर रूपात ठेवायची मुभा न्यायाधीशांना आहे, पण ती वापरली तर दिवसाला एक साक्षीदार संपणार नाही. म्हणून प्रश्न गळून पडतो आणि उत्तर कागदावर ‘मी’पासून सुरू होणारं वाक्य होऊन येतं. सरतपासात (साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलाच्या प्रश्नांत) ‘मी पाहिले’, उलटतपासात ‘हे म्हणणे खरे नाही की’. साक्षीदार आदिवासी पाड्यावरचा असो की कॉलेजातला प्राध्यापक, कागदावर सगळे एकाच आवाजात बोलतात. तो आवाज आमचा असतो.

माझी परीक्षा झाली ती मराठी लघुलेखनाच्या मिनिटाला शंभर शब्दांवर आणि टंकलेखनाच्या तीस शब्दांवर. कोणत्या मराठीचे शब्द, हे कुणी विचारलं नाही. अहिराणीत ‘आंडोर’ म्हणजे मुलगा आणि ‘आंडेर’ म्हणजे मुलगी. मधला एक स्वर चुकला की वारस बदलतो. ‘त्या घरमा शेतस’ म्हणजे ‘ते घरात आहेत’. नव्या माणसाला त्यात शेत ऐकू येतं. ‘उना’ म्हणजे आला. हे सगळं मी एका वहीत लिहून ठेवत गेले आणि मला वाटायला लागलं की आता येतं. त्या दिवशी माझ्यावर उलटलं ते हेच वाटणं.

बांधावरची भांडणं आमच्याकडे रोजची. यातही तेच. एक माणूस डोक्यात काठी बसून कायमचा अधू झाला होता. आरोपी तीन: थोरला भाऊ, धाकटा भाऊ आणि त्यांचा मेहुणा. भारतीय दंड संहितेचं कलम ३०७, म्हणजे खुनाचा प्रयत्न, सोबत ३४, म्हणजे समान इरादा. चौथी साक्षीदार शेजारच्या वावरात निंदणी करणारी सत्तरीची आजी, आरोपींच्या भाऊबंदकीतलीच.

न्यायाधीश विदर्भातून बदलून आलेले. मनानं चांगले आणि साक्षीदाराला दरडावून न बोलणारे, म्हणजे दुर्मीळच. आजींनी ‘माले’, ‘तुले’, ‘वावर’ असं सुरू केलं तसे ते खुलले. वऱ्हाडीतही ‘मले’, ‘तुले’ म्हणतात, वावर तर तिकडेही वावरच. मालवणी किंवा चंदगडी साक्षीदार समोर असता तर त्यांनी प्रत्येक वाक्य दोनदा विचारलं असतं. इथे कान ओळखीच्या शब्दांवर विसावले, त्यांचेही आणि माझेही.

सरकारी वकिलांकडे त्या दिवशी तीन कोर्टांतली कामं होती. हातात पोलिसांनी लिहिलेला आजींचा जबाब. पोलिसी जबाब ज्यांनी वाचलेत त्यांना माहीत असेल, त्यात सगळी माणसं ‘सदर इसमाने’ असंच बोलतात. त्यात लिहिलं होतं की आरोपी क्रमांक २ (म्हणजे धाकटा) याने काठीने डोक्यात मारले. सरतपासात घाईघाईत असं झालं:

‘‘मग काय झालं, आजी?’’

‘‘डोकामा काठी बसनी.’’

‘‘कोणी?’’

‘‘धाकलानी.’’

साहेबांनी सांगितलं, ‘‘आरोपी क्रमांक २ याने जखमीच्या डोक्यात काठी मारली.’’ मी टाइप केलं. धाकट्याचे वकील शहरातले. त्यांच्याही कानाला काही खटकलं नाही. त्यांनी उलटतपासात नेहमीचंच विचारलं: अंतर किती होतं, ज्वारी किती उंच होती, तुम्हाला लांबचं दिसतं का.

साडेचारला मी साक्ष वाचून दाखवली. कलम २७८ प्रमाणे ती दाखवावी लागते, आणि साक्ष एका भाषेत व नोंद दुसऱ्या भाषेत असेल, साक्षीदाराला ती कळत नसेल, तर त्याच्या भाषेत समजावूनही सांगावी लागते. पण कागदावर आजींची भाषा मराठी, कोर्टाची भाषा मराठी. समजावायचं कुणाला? मी दीड पान एका दमात वाचलं. आजी प्रत्येक पूर्णविरामाला ‘हां’ म्हणत होत्या. मग अंगठा.

संध्याकाळी कपाटं लावताना आमचे शिपाई माझ्या टेबलाशी थांबले. ते कळवणकडचे; वयानं मोठे, म्हणून आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो. म्हणाले, ‘‘मॅडम, एक बोलू का? आजीनं ‘धाकलानी काठी’ सांगितलं. धाकल्याची काठी. मारली कोणी, ते तिनं सांगितलंच नाही.’’

मी म्हटलं, असं कसं? मग त्यांनी जे समजावलं ते इथे सावकाश लिहिते, कारण मलाही ते कळायला वेळ लागला.

आपल्या ‘चा-ची-चं’ च्या जागी अहिराणीत ‘ना-नी-नं’ येतं. भाऊना पोऱ्या, भाऊनी काठी, भाऊनं घर. काठी स्त्रीलिंगी, म्हणून ‘धाकलानी काठी’ म्हणजे धाकट्याची काठी. इकडे आपण बोलताना ‘धाकट्याने’चं ‘धाकट्यानी’ करतो, म्हणून माझ्या कानाला ‘धाकलानी’ म्हणजे कर्ता. एवढ्यावरच थांबलं नाही. वकिलांनी विचारलं ‘कोणी?’ अहिराणीत ‘कोनी काठी’ म्हणजे कोणाची काठी. आजी आधी काय म्हणाल्या होत्या? ‘काठी बसनी.’ त्या वाक्यात मारणारा नाहीच, काठी बसते आहे. त्यावर ‘कोणी?’ म्हटलं की ज्याच्या घरात अहिराणी आहे त्याला ‘कोणाची?’ ऐकू येणारच. प्रश्न एक विचारला गेला, दुसरा ऐकला गेला. त्या दुसऱ्याचं उत्तर आलं आणि आम्ही ते पहिल्याला जोडलं. निवेदन रूपात घेताना प्रश्नच पुसला गेला, त्यामुळे सांधा दिसायलाही काही उरलं नाही.

आप्पांनी आणखी एक सांगितलं, तेही प्रामाणिकपणे लिहायला हवं. ‘धाकट्याने मारली’ असं म्हणायचं असतं तरी अहिराणीत ‘धाकलानी मारी’च म्हणतात. म्हणजे ‘नी’ दोन्हीकडे चालतो. आजींच्या मनात नेमकं काय होतं हे त्या एका शब्दावरून कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. पण मग आम्ही तरी कशावरून छातीठोक लिहिलं? जबाबावरून. कागदानं आधीच जे सांगून ठेवलं होतं तेच आम्ही ऐकलं.

रात्रभर विचार केला. वकिलाला सांगणं माझ्या कामात बसत नाही, कोणत्याच बाजूच्या. सकाळी साहेबांच्या दालनात गेले आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘बाई, मले तं वाटलं होतं मला सगळं समजून राह्यलं.’’ त्यांच्या तोंडून घरची बोली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. त्याच दिवशी त्यांनी कलम ३११ खाली आजींना पुन्हा बोलावण्याचा आदेश केला. आदेशात कारण एवढंच: ‘न्यायाच्या दृष्टीने आवश्यक.’ मला तेव्हा ते पुरेसं वाटलं.

तीन आठवड्यांनी आजी परत आल्या. साहेबांनी आप्पांना शपथ देऊन दुभाषी म्हणून उभं करायचं ठरवलं, पण सरकारी वकिलांनी हरकत घेतली. साक्षीदार मराठी बोलते, तशी नोंद आहे, दुभाषी कशाला? नोंद होती, हे खरंच. साहेबांनी नाद सोडला आणि स्वतःच विचारलं, अगदी सुटं सुटं.

‘‘आजी, काठी कोणाची होती?’’

‘‘धाकलानी.’’

‘‘मारताना ती कोणाच्या हातात होती?’’

आजी थांबल्या. पदर सारखा केला. म्हणाल्या, ‘‘काठी देखी, भाऊ. हात नही देखा.’’

आप्पा मागून कुजबुजले, साहेब म्हणा, साहेब. न्यायाधीशांनी हातानंच असू दे म्हटलं.

काठी पाहिली, हात पाहिला नाही. मला आतून मोकळं वाटलं. ते फार तर दोन मिनिटं टिकलं. सरकारी वकील उठले, साक्षीदार फितूर झाल्याचं सांगून त्यांनी उलटतपासाची परवानगी मागितली आणि मागची साक्ष पुढे धरली. हे तुम्ही सांगितलं होतं? ‘‘नही सांगं.’’ हा अंगठा तुमचा? ‘‘मन्हाच शे.’’ वाचून दाखवली तेव्हा हां म्हणालात? ‘‘हां.’’ मग मी टाइप केलं: ‘हे म्हणणे खरे नाही की, आरोपी माझे नातेवाईक असल्याने त्यांना वाचवण्यासाठी मी आज खोटे सांगत आहे.’

कागदावर आता दोन साक्षी होत्या, एकमेकींच्या विरुद्ध, दोन्ही तिच्याच अंगठ्याच्या. त्यातली विसंगती तिची नव्हती. ती माझ्या टेबलावर तयार झाली होती. तीन आठवड्यांत तिच्यावर गावात कुणी दबाव आणलाच नसेल, असंही मी सांगू शकत नाही. आरोपींची घरं तिच्या घराला लागून आहेत. पण पहिल्या दिवशी दबावाचा प्रश्न नव्हता, आणि त्या दिवशीचा तिचा शब्द माझ्या कानात आहे.

पुढे मी शोधत बसले की ही भाषा कोणत्या रकान्यात बसते. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात मराठीचा खंड वेगळा आहे आणि खानदेशी, म्हणजे आपली अहिराणी, त्यात नाही. ती भिल्ल भाषांबरोबर १९०७ सालच्या वेगळ्याच खंडात आहे. २०११च्या जनगणनेतही खानदेशी वेगळी मोजली आहे, बोलणारे १८ लाखांवर. जनगणनेच्या कागदावर ती मराठी नाही आणि कोर्टाच्या कागदावर ती मराठीच आहे. मराठीच मानली म्हणून दुभाषी मिळत नाही, आणि त्या मराठीतलं बोलणं मराठी माणसालाच कळत नाही. तेलुगू बोलणारा साक्षीदार आला तर सगळे जण सावध होतात, दुभाषी शोधतात, तारीख पुढे ढकलतात. ती सावधगिरी आजींच्या वाट्याला आली नाही, कारण त्यांचं अर्धं आम्हाला कळत होतं.

आता मी एक करते. साक्षीदार अहिराणी असेल आणि शब्द अडला तर साहेबांना विचारते, ‘‘मूळ शब्द अवतरणात घेऊ?’’ बहुतेक जण हो म्हणतात. काहींना तो वेळेचा अपव्यय वाटतो आणि तसं ते बोलूनही दाखवतात. वाचून दाखवताना आप्पांना शेजारी उभं करते. ते नियमात नाही, पण कुणी हरकत घेतलेली नाही.

निकालाच्या आधी त्या न्यायाधीशांची बदली झाली. नव्या साहेबांनी युक्तिवाद ऐकला, कागद वाचले. कागदांत ‘धाकलानी’ हा शब्द कुठेच नाही. तो उच्चारला गेला त्याला साक्षीदार म्हणजे आप्पा आणि मी. निकालपत्र त्यांनी मलाच सांगितलं. थोरला आणि मेहुणा सुटले. धाकट्याला शिक्षा झाली, मुख्यतः जखमीच्या भावाच्या साक्षीवर आणि धाकट्याच्या घरून जप्त झालेल्या काठीवर. काठी त्याचीच होती. तेवढं तर आजी दोन्ही वेळा सांगत होत्या.

आजींसाठी एक परिच्छेद होता. साहेब सांगत होते: ‘या साक्षीदाराने आरोपींशी असलेल्या नातेसंबंधामुळे जाणीवपूर्वक आपली साक्ष फिरवली असून ती विश्वासार्ह नाही.’

माझी बोटं ‘जाणीवपूर्वक’वर थांबली. साहेबांनी मान वर केली. ‘‘काय झालं? ऐकू नाही आलं?’’

‘‘आलं, साहेब,’’ मी म्हटलं आणि टाइप केलं.