तुम्ही विचारलंत म्हणून : दिवस राहण्याआधीचे तीन महिने

नागपुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना एक प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. “मॅडम, आम्ही आता चान्स घेणार आहोत, तर मी काय काय खाऊ जी?” विचारणारी बहुतेक वेळा एकटी आलेली असते, नाहीतर सोबत सासूबाई असतात. नवरा खाली गाडीजवळ थांबलेला असतो. मी म्हणते, आधी त्यांना वर बोलवा, मग बोलू.

आपल्याकडे बाईच्या खाण्यापिण्याची काळजी सुरू होते ती पाळी चुकल्यावर. मग घरात जास्तीचं दूध येतं, सफरचंदं येतात, हे उचलू नको, तिकडे जाऊ नको सुरू होतं. ही माया खरी आहे, पण ती उशिरा पोहोचते. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्यातून घडतो ती मज्जानलिका गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पाळी अनियमित असेल तर तोवर कित्येकींनी तपासणीची पट्टीसुद्धा आणलेली नसते. त्या काळात बाळाला जे मिळतं ते आईच्या अंगात आधीपासून असलेल्या साठ्यातून. म्हणून माझं उत्तर ‘काय खाऊ’पेक्षा ‘कधीपासून’ याचं जास्त असतं. तीन महिने आधीपासून, आणि दोघांनीही.

पहिली गोष्ट फॉलिक अ‍ॅसिडची. रोज ४०० मायक्रोग्रॅम, निदान एक महिना, जमलं तर तीन महिने आधीपासून. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांत केलेल्या चाचणीचा निकाल ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आधीच्या बाळाला मज्जानलिकेचा दोष होता अशा बायकांना गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक अ‍ॅसिड दिलं, तर पुढच्या बाळात तो दोष येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. त्यांना दिलेली मात्रा मोठी होती, रोज ४ मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या दहापट. त्यामुळे तुमच्या आधीच्या बाळाला असं काही झालं असेल, तुम्हाला मधुमेह असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील, तर मात्रा डॉक्टरांनाच ठरवू द्या. पालक, मेथी, चवळी, हरभरा यांत फोलेट असतं, ते खाच. पण शिजवताना त्यातलं बरंच जातं. इथे नुसत्या भाजीवर विसंबून राहू नका.

मात्र फॉलिक अ‍ॅसिड एकट्याने घेतलं की झालं, असंही नाही. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयाच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायका आणि पुढे त्यांची मुलं यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्या आयांपैकी जवळपास दोन तृतीयांश जणींमध्ये बी-१२ कमी होतं. ज्या आयांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेणारी प्रवृत्ती सगळ्यात जास्त दिसली. बी-१२ दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं. भाज्यांत नाही, डाळीत नाही. शाकाहारी घरातल्या मुलींना मी हे निक्षून सांगते, आणि पीसीओएससाठी (बीज वेळेवर न सुटण्याचा, पाळी अनियमित होण्याचा त्रास) मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनाही, कारण त्या गोळीनेही बी-१२ उतरतं. तपासून घ्या. कमी असेल तर गोळी किंवा इंजेक्शन लागेल, एक वाटी दह्याने ती तूट भरून निघत नाही.

आता रक्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ तरी हवं. ९ वर असलेली मुलगी मला सांगते की ‘थोडं कमी आहे, पण त्रास काही नाही’, तेव्हा मला काळजी वाटते, कारण गरोदरपणात रक्त आणखी पातळ होतं आणि मग लोहाचा साठा भरणं फार कठीण जातं.

आणि विदर्भात हिमोग्लोबिन कमी दिसलं की लगेच लोहाच्या गोळ्या सुरू करून थांबायचं नसतं. इथे सिकलसेल आहे, आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. गोंड, परधान यांच्यासारख्या आदिवासी समाजांत आहे, इतर अनेक समाजांतही आहे. शिवाय सिंधी कुटुंबांत थॅलेसेमिया या तशाच आनुवंशिक रक्ताच्या आजाराचे वाहक जास्त असतात, आणि आपल्याकडे जरीपटक्याला ही वस्ती मोठी आहे. वाहक म्हणजे ज्याच्या अंगात आजाराचा एकच दोषी जनुक असतो तो माणूस धडधाकट असतो, त्याला आयुष्यभर कळतही नाही. पण नवरा-बायको दोघंही सिकलसेलचे वाहक निघाले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के. पहिलं बाळ निरोगी झालं म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही. एकाच्याच अंगात असेल तर बाळाला तो आजार होत नाही, ते फार तर वाहक होईल. पण एक सिकलसेलचा आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तरी बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून तपासणी दोघांची, आणि दोन्ही गोष्टींची.

ही तपासणी एका रक्ताच्या नमुन्यावर होते. चाळणी चाचणी आधी, मग खात्री करायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली चाचणी. नागपूरच्या मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि डागा या सरकारी रुग्णालयांत ती होते. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केल्यापासून गावोगावीही तपासण्या होत आहेत. दोघंही वाहक असाल तर संसार मोडत नाही, मूलही नाकारलं जात नाही. गर्भाची तपासणी साधारण दहाव्या-बाराव्या आठवड्यात करता येते. पण ती करायची तर आधी ठाऊक असायला हवं. काही घरांत ‘आमच्यात असलं काही नाही’ म्हणून ही चाचणी टाळतात. मला ते ऐकताना वाईट वाटतं, कारण ही चाचणी कुणाच्या घराण्यावर बोट ठेवायला नाही, येणाऱ्या लेकरासाठी आहे.

ताटाकडे येऊ. त्यासाठी महागडे डबे आणि पावडरी लागत नाहीत. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची किंवा चवळीची भाजी, जवसाची चटणी, दही किंवा ताक, हे आपल्याकडे आहेच. फक्त बाई जेवायला शेवटी बसते तेव्हा तिच्या वाट्याला भाकर आणि रस्सा उरतो, वरण-भाजी संपलेली असते. हे आधी बदला. भाजीवर लिंबू पिळा, संत्र्याच्या दिवसांत जेवताना संत्र खा. त्यातल्या क जीवनसत्त्वाने भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणाबरोबरचा चहा त्याच्या उलट करतो, म्हणून चहा जेवणापासून तासभर लांब ठेवा. सकाळी तर्री-पोहा खात असाल तर त्या तर्रीतले चणे जास्त घ्या, वरचा तवंग कमी. मांसाहार करत असाल तर अंडी रोज चालतील. मटण सावजी पद्धतीचंच हवं असा आग्रह नसेल तर बरं, तेल आणि तिखट बेताचं.

मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून एक मोठा अभ्यास झाला. बायकांना गर्भ राहण्याआधीपासून पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ रोज दिला. सरसकट पाहिलं तर बाळांच्या वजनात फरक दिसला नाही. पण ज्यांनी निदान तीन महिने आधीपासून तो खाल्ला, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅम जास्त भरली, आणि खाऊ खाणाऱ्या बायकांमध्ये गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाणही बरंच कमी आढळलं. ज्या बायका मुळातच फार बारीक होत्या त्यांच्या बाळांना मात्र लाभ झाला नाही. तुमचं वजन कमी असेल तर आधी पोटभर जेवण, मग बाकीचं, असं मी त्यावरून सांगते.

मूल व्हावं म्हणून अनेक जणी सोमवार, चतुर्थी धरतात. श्रद्धेच्या आड मी येत नाही. पण साबुदाण्याच्या खिचडीत पिठूळ भागच जास्त, म्हणून उपास राजगिरा, शेंगदाणे, दूध-दही आणि फळांवर करा. दिवसभर पाण्यावर राहणारे कडक उपास या काळात नकोत.

आता नवरोबांचं. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, बाहेर पडायला तयार होईपर्यंत आणखी काही दिवस. तीन महिन्यांचा हिशोब त्यांनाही लागू होतो. आपल्या नागपुरात पहिला विषय खर्‍याचा. पन्नीत घोटलेला खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना. तंबाखू ओढा की चघळा, शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्हींवर परिणाम होतो. दुसरं, जिममध्ये अंग भरावं म्हणून घेतलेली टेस्टोस्टेरॉनची किंवा स्टेरॉइडची इंजेक्शनं. त्यांनी शुक्राणू बनणंच थांबू शकतं, आणि तरुण मुलांना हे कुणी सांगत नाही. भट्टीजवळ काम, मांडीवर तासन्‌तास लॅपटॉप, यांची उष्णताही नको, कारण अंडकोश शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंड राहावे लागतात. कपाशीवर फवारणी करणाऱ्या घरांत या महिन्यांत ते काम दुसऱ्याकडे द्या. औषध कालवून द्यायला बाईला तर मुळीच उभं करू नका. दिवस राहायला वेळ लागला तर वीर्यतपासणी पहिल्यांदा करा. ती सोपी आणि स्वस्त आहे. ती न करता बाईच्या तपासण्यांवर तपासण्या होत राहतात, हे मला अजिबात मान्य नाही.

वजन जास्त आणि पीसीओएस असेल तर पाच ते दहा टक्के वजन उतरलं तरी अनेकींचं बीज नियमित सुटायला लागतं. ऐंशी किलोच्या मुलीसाठी ते चार ते आठ किलो. संध्याकाळी अंबाझरी किंवा फुटाळ्याला झपझप चाला. थायरॉईड आणि साखर तपासा. मधुमेह असेल तर एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) साडेसहाच्या आत आल्यावर पुढचं पाऊल टाका, कारण वाढलेल्या साखरेत राहिलेल्या गर्भात व्यंगाची जोखीम वाढते. रुबेलाची लस झालेली नसेल तर घ्या आणि त्यानंतर महिनाभर दिवस राहू देऊ नका. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर ते बंद करून निदान एक महिना थांबा. फिट्सच्या गोळ्या, त्यातही व्हॅल्प्रोएट, मात्र मनाने कधीच बंद करू नका. डॉक्टर वेळेआधी बदलून देतील. आणि मुलगाच व्हावा म्हणून कुणी पुडी दिली तर ती फेकून द्या. मूल मुलगा की मुलगी हे वडिलांच्या शुक्राणूवर ठरतं, आणि त्या पुड्यांत काय असतं ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

शेवटी हमखास विचारतात, वाट किती बघायची. दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी ऐंशीहून जास्त जणांना वर्षभरात दिवस राहतात. नवरा बल्लारपूरला कामाला आणि महिन्यातून दोनदा घरी येत असेल, तर त्या महिन्यांना पूर्ण महिने धरू नका. बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस हेच खरे, सुट्टी त्यानुसार घ्या. बाईचं वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर, पस्तिशीनंतर सहा महिने वाट बघा आणि मग स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पाळी दोन-दोन महिने येत नसेल, तर इतकंही थांबू नका.