वाढत्या अजगरासाठी घर निवडताना

अमेरिकेत घरी पाळल्या जाणाऱ्या सापांमध्ये बॉल पायथन हा सर्वांत लोकप्रिय सापांपैकी एक आहे. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा अजगर अंड्यातून बाहेर पडतो तेव्हा जेमतेम फूटभर असतो, आणि पूर्ण वाढ झालेली मादी चार, क्वचित पाच फुटांपर्यंत पोहोचते. नर तिच्यापेक्षा लहान राहतो. योग्य निगा राखली तर हा प्राणी वीस-तीस वर्षे सहज जगतो. सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातील एका मादीने तर 2020 मध्ये वयाची साठी ओलांडल्यानंतर अंडी घातली होती. म्हणून त्याच्यासाठी घेतलेली पेटी ही त्याच्या आयुष्याच्या मोठ्या भागाची जागा ठरते, आणि दुकानात पिल्लासोबत मिळणाऱ्या छोट्या टाकीवरून तिचा निर्णय करणे मला योग्य वाटत नाही.

आमच्याकडे, मिशिगनमध्ये, रेवा नावाची एक मादी आहे. ती वाढू लागली तेव्हा अनुभवी मंडळींकडून एकच सल्ला वारंवार ऐकायला मिळाला: या सापाला मोठी जागा दिली की तो घाबरतो, खाणे सोडतो, त्यामुळे त्याला आटोपशीर पेटीतच ठेवावे. या सल्ल्यामागे एक खरे निरीक्षण आहे. आफ्रिकेत हा साप दिवसभर उंदरांच्या बिळांत किंवा वारुळांत अंग चोरून बसतो, आणि मोठ्या, मोकळ्या पेटीत ठेवलेले पिल्लू खरोखरच अन्न नाकारते. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. बीळ ही त्याची झोपण्याची जागा आहे. रात्री तो तिथून बाहेर पडतो, भक्ष्य शोधतो, झाडांवरही चढतो. आग्नेय नायजेरियातील रानटी बॉल पायथनांचा 1998 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की लहान सापांच्या आहारात प्रामुख्याने पक्षी होते आणि नर मादीपेक्षा अधिक प्रमाणात झाडांवर वावरत होते. असा प्राणी जागेच्या आकाराला भीत नाही, तो उघड्यावर पडण्याला भितो. पेटी मोठी असावी आणि भरलेली असावी, हे एवढे सांभाळले की ती भीती उरत नाही.

किमान मापासाठी मी एकच कसोटी धरते: सापाला पेटीच्या लांबीत सरळ ताणून पडता आले पाहिजे. चार फुटांपर्यंतच्या सापाला चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटी पुरते. मादी त्याहून स्पष्टपणे लांब झाली, तर पाच किंवा सहा फुटी पेटीचा विचार करावा. लांबीला आणखी एक कारण आहे, आणि ते मला शरीर ताणण्याइतकेच महत्त्वाचे वाटते. साप स्वतःचे तापमान जागा बदलून राखतो. एका टोकाला ऊब घेण्याच्या जागी साधारण 32 ते 34 अंश सेल्सियस आणि दुसऱ्या टोकाला 25-26 अंश असा फरक त्याला लागतो. दोन फुटी टाकीत हा फरक टिकत नाही. दिवा लावला की सगळी टाकी तापते, बंद केला की सगळी गार होते, आणि सापाला निवड करायला जागाच राहत नाही.

पेटी कशाची असावी, याचे उत्तर बऱ्याच अंशी तुमच्या गावच्या हवेवर अवलंबून आहे. या सापाला सुमारे 60 ते 80 टक्के आर्द्रता लागते. मिशिगनच्या हिवाळ्यात घर गरम ठेवणाऱ्या यंत्रणेमुळे आतली हवा अत्यंत कोरडी होते, आणि जाळीचे झाकण असलेल्या काचेच्या टाकीतून ऊब व ओलावा दोन्ही वर निघून जातात. मग कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवर तिचे पापुद्रे अडकून राहतात. यासाठी मी बंदिस्त छताची, समोर सरकती काचेची दारे असलेली पीव्हीसीची पेटी निवडली. ती काचेपेक्षा खूप हलकी असते आणि ऊब धरून ठेवते. मेलामाइनचा (गुळगुळीत प्लास्टिकसारखा) थर असलेली लाकडी पेटी स्वस्त पडते, पण सांधे सिलिकोनने नीट बुजवले नाहीत तर ओलाव्याने फुगते. दमट समुद्रकाठी राहणाऱ्याला मात्र काचेची टाकीही चालू शकेल. दारे समोरून उघडणारी असण्याचा वेगळा फायदा असा की आपला हात सापाच्या डोक्यावरून, शिकारी पक्ष्यासारखा, खाली येत नाही. सरकत्या काचांना कुलूप हवेच, कारण साप नाकाने फट शोधतो आणि ती रुंद करतो.

ऊब वरून द्यावी. पीव्हीसीचा तळ उष्णता अडवतो, त्यामुळे खाली ठेवलेली तापपट्टी निरुपयोगी तरी ठरते किंवा धोकादायक तरी. छताला बसवलेले सपाट हीट पॅनेल मला सर्वांत सुरक्षित वाटते, कारण साप त्याला वेटोळे घालू शकत नाही. दिवा वापरायचा असेल तर त्याभोवती जाळीचे आवरण असावे. कोणतेही साधन थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान ठरावीक मर्यादेत राखणाऱ्या उपकरणाशिवाय, लावू नये, आणि थर्मोस्टॅटचा तापमान मोजणारा संवेदक पक्का बांधावा. तो सापाच्या धक्क्याने थंड कोपऱ्यात जाऊन पडला, तर थर्मोस्टॅट पेटी गार आहे असे समजून तापवतच राहील.

भरण्याच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये. दोन्ही टोकांना अंग घट्ट बसेल अशी एकेक लपण्याची जागा, मधल्या पट्ट्यात फांद्या, सालीचे तुकडे, कृत्रिम वेली, आणि तळाला नारळाच्या भुशाचा जाड थर असला की साप या टोकापासून त्या टोकापर्यंत उघड्यावर न येता जाऊ शकतो. देवदाराचा भुसा टाळावा. त्यातील तेले सापाला अपायकारक असतात.

पिल्लू लहान असतानाच मोठी पेटी घ्यावी का, असे मला विचारले जाते. ती नीट भरण्याची तयारी असेल तर जरूर घ्यावी, आणि दर वर्षी नवी टाकी घेण्याचा खर्चही वाचतो.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. आपल्याकडचा अजगर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि तो घरी ठेवणे हा गुन्हा आहे. बॉल पायथनसारखा परदेशी साप कोणाकडे असेल तर 2024 च्या नियमांनुसार त्याची नोंदणी करावी लागते.

नव्या पेटीत हलवताना जुनी लपण्याची जागा आणि थोडा जुना भुसा सोबत न्यावा, म्हणजे ओळखीचा वास राहतो. आदल्या दोन दिवसांत तापमान व आर्द्रता स्थिर झाल्याची खात्री करावी, पहिला आठवडाभर सापाला हाताळू नये आणि त्यानंतरच अन्न द्यावे. त्याने एखाद-दोन वेळा नाकारले तर घाबरू नये. वजन करत राहावे, आणि ते सातत्याने घटू लागले तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे.