साग्रेसचा वारा आणि १४५३ ची ओळ

साग्रेसला बसमधून उतरल्याबरोबर आधी टोपी सांभाळावी लागते. पोर्तुगालचं हे नैर्ऋत्य टोक. थोडं पुढे सेंट व्हिन्सेंटचं भूशिर, दीपगृह, आणि मग नुसता अटलांटिक. उन्हाळ्यात इथे उत्तरेकडून जो वारा सुटतो त्याला हे लोक नॉर्ताडा म्हणतात. पठारावर ना झाड, ना आडोसा. कड्याच्या अगदी काठावर लांबलचक गळ टाकून उभे असलेले मासे पकडणारे मात्र इतके निवांत, की बघणाऱ्याच्याच पोटात गोळा यावा.

किल्ला बघायला जाणार असाल तर सिंधुदुर्ग डोक्यात ठेवून जाऊ नका. भूशिराच्या मानेवर आडवी घातलेली एक तटबंदी, बाकी तिन्ही बाजूंना कडा. पंधराव्या शतकात आफ्रिकेच्या किनाऱ्याने जहाजं धाडणारा पोर्तुगालचा राजपुत्र हेन्री, त्याने इथे नौकानयनाची शाळा काढली होती, असं पर्यटकांना अजूनही सांगितलं जातं. अशा शाळेचा त्या काळातला पुरावा नाही. होकायंत्र म्हणून सगळे ज्याचे फोटो काढतात ते दगडांचं भलंमोठं वर्तुळ विसाव्या शतकात मातीखालून निघालं आणि ते नक्की कशासाठी होतं यावर वाद आहेत. हेन्री १४६० मध्ये इथे वारला, हे खरं. ‘नॅव्हिगेटर’ म्हणून गाजलेला हा माणूस स्वतः मोरोक्कोच्या पलीकडे कधी गेला नाही.

तरीही साग्रेसला यावंच, ते वाऱ्यासाठी. इथून आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे जाताना वारा पाठीवर असतो आणि समुद्राचा प्रवाहही त्याच दिशेचा. जाणं सोपं, परतताना मात्र दोन्ही तोंडावर. आजच्या पश्चिम सहारातल्या बोजादोर भूशिरापुढे जायला खलाशी वर्षानुवर्षं तयार नव्हते, त्यामागे राक्षसांच्या गोष्टींपेक्षा हा हिशोब मोठा असावा, असं मला तिथे उभं राहून वाटलं. १४३४ मध्ये हेन्रीने पाठवलेला खलाशी जिल इआनिश ते भूशिर ओलांडून परत आला. परतीचा उपाय पुढे पक्का झाला तो मोठा उलटा होता: घरी यायचं तर आधी घरापासून दूर जायचं. किनारा सोडून वायव्येला, खोल समुद्रात, अझोर्स बेटांच्या अक्षांशापर्यंत चढायचं, तिथे पश्चिमेचा वारा धरायचा आणि मग पोर्तुगालकडे वळायचं. त्रिकोणी शिडांची कॅराव्हेल जहाजं समोरच्या वाऱ्यातही तिरकी तिरकी पुढे जाऊ शकत, म्हणून हे जमलं.

पण हे सगळं करायचं कशासाठी? आपल्याला शाळेत शिकवलेलं उत्तर पाठ आहे: १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल जिंकलं, खुश्कीचा मार्ग बंद झाला, म्हणून युरोपीय लोक समुद्रमार्ग शोधायला निघाले. एका गुणाचा प्रश्न, नेमका सुटायचा.

आता तारखा बघा. पोर्तुगिजांनी मोरोक्कोतलं सेउटा घेतलं १४१५ मध्ये. बोजादोर १४३४. दरबारी बखरकार झुरारा याने गिनीच्या, म्हणजे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या, मोहिमांची बखर राजाला पाठवली, त्या पत्रावर तारीख आहे २३ फेब्रुवारी १४५३. कॉन्स्टॅन्टिनोपल पडलं २९ मे रोजी! मोहिमांची कारणं आधी लिहून झाली, आपण पाठ केलेलं कारण नंतर घडलं. शिवाय काळी मिरी व्हेनिसला पोचायची ती मुख्यतः इजिप्तमधून, अलेक्झांड्रियाच्या बंदरातून, आणि इजिप्त तुर्कांच्या हातात गेलं १५१७ मध्ये. तोवर वास्को द गामाला कालिकत गाठून एकोणीस वर्षं झाली होती.

झुराराने हेन्रीची कारणं क्रमाने दिली आहेत. बोजादोरपलीकडे काय आहे ते कळावं. तिकडे ख्रिस्ती लोक भेटले तर त्यांच्याशी व्यापार करावा. मुसलमान सत्तेचा पसारा किती ते समजावं. एखादा ख्रिस्ती राजा मदतीला मिळतो का पाहावं. धर्म वाढवावा. आणि सहावं, ज्यातून बाकीची सगळी निघाली असं तो म्हणतो, ते म्हणजे पत्रिका: मेष लग्न, लग्नेश मंगळ कुंभेत, शनीच्या घरात. असा माणूस मोठे पराक्रम करणार आणि गुप्त गोष्टी शोधणार, हे ठरलेलंच! आपल्याकडच्या कुठल्याही जोशीबुवांनी मान डोलावली असती.

या यादीत मिरीचं नाव नाही. सोन्याचंही नाही, पण दरबारी माणूस ते पहिल्या ओळीत कशाला लिहील? सेउटा हे सहारा ओलांडून येणाऱ्या सोन्याच्या वाटेचं एक टोक होतं. ते घेतल्यावर व्यापारी दुसऱ्या बंदरांकडे वळले. मग वाळवंटाला वळसा घालून सोन्याच्या मुळाशीच पोचावं, हा विचार सरळ होता. १४५७ मध्ये पोर्तुगालने क्रुझादो हे नाणं पाडलं, ते आफ्रिकेच्या सोन्याचं.

सोन्याच्या आधी हाती लागली ती माणसं. साग्रेसहून लागोस बसने तासाभरावर. छान गाव, पांढरी घरं, भाजलेल्या सार्डिनचा वास, ब्रिटिश पर्यटकांची गर्दी. मुख्य चौकात हेन्रीचा पुतळा आहे आणि त्याच चौकात गुलामांच्या बाजाराचं छोटं संग्रहालय. ऑगस्ट १४४४ मध्ये इथे २३५ माणसं उतरवून वाटून घेतली गेली. हेन्री घोड्यावर बसून पाहत होता. त्याचा पाचवा हिस्सा, ४६ माणसं. मुलांना छातीशी धरून जमिनीवर पडणाऱ्या आयांबद्दल झुराराच लिहितो, आणि मग त्यांच्या आत्म्यांचा उद्धार झाला म्हणून समाधानही मानतो. २००९ मध्ये या गावात भूमिगत पार्किंगसाठी खोदताना जुन्या उकिरड्यात दीडशेहून अधिक आफ्रिकी माणसांचे सांगाडे निघाले. पार्किंग झालंच.

मिरीचा विचार पक्का होतो तो पोर्तुगालचा राजा दुसरा जॉन याच्या काळात, म्हणजे १४८० नंतर. त्याने १४८७ मध्ये पेरू द कोव्हिल्याँ या आपल्या हेराला खुश्कीच्या मार्गाने, अरबी व्यापाऱ्याच्या वेषात, पूर्वेकडे पाठवलं. तो कालिकत आणि गोवा बघून गेला, गामाच्या कितीतरी आधी. खुश्कीचा मार्ग बंद असता तर हा गृहस्थ आला कुठून?

लिस्बनच्या बेलेममध्ये हेच सगळं संगमरवरी थाटात बघायला मिळतं. जेरोनिमस मठ पूर्वेच्या आणि आफ्रिकेच्या व्यापारावरच्या करातून उभा राहिला. आत गामाची कबर आहे, तिथे फोटोसाठी रांग असते. नदीकाठचं ते जहाजाच्या आकाराचं शोधमोहिमांचं स्मारक मात्र हुकूमशहा सालाझारच्या राजवटीतलं, १९६० चं. मला ते फारसं भावलं नाही.

मला आठवत होता कालिकतचा प्रसंग, गामाच्या ताफ्यातल्याच एकाने रोजनिशीत नोंदवलेला. मे १४९८. किनाऱ्यावर आधी पाठवला तो शिक्षा झालेला एक कैदी. त्याला भेटले ट्यूनिसचे दोन मुसलमान. इथे कशाला आलात, या प्रश्नावर उत्तर मिळालं: ख्रिस्ती माणसं आणि मसाले शोधायला. मग झामोरीनसाठी, म्हणजे कालिकतच्या राजासाठी, नजराणा काढला गेला: पट्टेदार कापड, टोप्या, पोवळ्याच्या माळा, हात धुवायची भांडी, मध, तेल आणि (केरळात!) साखर. राजाचे अधिकारी हसायलाच लागले. मक्केचा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून जास्त देतो, ते म्हणाले. द्यायचंच असेल तर सोनं द्या.