आमची वाटचाल : आधी छत, मग डबा

"भाऊ, रेकॉर्डिंगवाला डबा कोणता घेऊ?" टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सबद्दलचा हा प्रश्न इंदूरच्या आमच्या दुकानात रोज येतो. त्यावर आमचं उत्तर ठरलेलं आहे: आधी छत दाखवा. घरात कोणतं सिग्नल येणार आणि ते किती स्वच्छ येणार, हे कळल्याशिवाय डबा सुचवणं आम्हाला पटत नाही. इतक्या वर्षांत डबे बदलले, टीव्ही चपटे झाले, पण आमच्या कामाचा हा क्रम बदललेला नाही.

सुरुवात ॲल्युमिनियमच्या अँटेना आणि बूस्टरच्या काळातली. तेव्हा सिग्नल कमी झालं की पडद्यावर मुंग्या यायच्या, आणि मुंग्यांतूनही माणसं बातम्या बघायची. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा सुरू झाली, जी आज डीडी फ्री डिश म्हणून ओळखली जाते, आणि आम्हाला काम नव्याने शिकावं लागलं. डिजिटल चित्र हळूहळू बिघडत नाही. एका मर्यादेपर्यंत ते लख्ख असतं. त्याच्या जरा खाली गेलं की चौकोन पडतात, आवाज तुटतो आणि पडदा काळा होतो. म्हणून "आज चित्र छान दिसतंय" एवढ्यावर काम संपत नाही. त्या मर्यादेच्या किती वर आहोत, ते मीटरवर बघावं लागतं. डब्याच्या सेटिंगमध्ये दोन पट्टे दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ छत्री (डिश) भलतीकडे असली तरी भरलेली दिसू शकते, कारण एलएनबीची, म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावर बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या भागाची, स्वतःची खरखरही त्यात मोजली जाते. बघायचा तो क्वालिटीचा पट्टा.

फ्री डिश ९३.५ अंश पूर्व रेखांशावरच्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते. इंदुरातून तो उपग्रह उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १४० अंशांवर, म्हणजे आग्नेयेपासून थोडा दक्षिणेकडे, आणि क्षितिजापासून सुमारे ५७ अंश वर आहे. ऑफसेट छत्री, म्हणजे जिचा एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो ती, फसवते. तिचं तोंड जवळपास समोर असल्यासारखं वाटतं, पण ती बघते त्याच्या वीस-पंचवीस अंश वर. त्यामुळे समोरचं झाड मध्ये येत नाही असं वाटतं आणि वरची फांदी अडवते. मोजायला सोपं माप आहे: छत्रीपेक्षा ३ मीटर उंच भिंत किंवा टाकी त्या दिशेला २ मीटरच्या आत असेल, तर जागा बदला. वर्षातून दोनदा सूर्यच ही तपासणी करून देतो. मार्चच्या १० तारखेच्या आणि ऑक्टोबरच्या २ तारखेच्या आसपास सकाळी ११ च्या सुमारास सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी छत्रीच्या जागेवर ऊन पडत असेल, तर तिथून उपग्रहही दिसतो. त्याच दिवसांत काही मिनिटं चित्र जातं. त्याला घाबरून कोणी छत्री हलवू नये, ते आपोआप परत येतं.

जुळवताना घाई नडते. ६५ सेंटीमीटरच्या छत्रीची कड साधारण अर्धा सेंटीमीटर सरकली की एक अंश सरकतो. ९५ अंशांवर दुसऱ्या एका डीटीएच सेवेचे उपग्रह आहेत, म्हणजे कडेवर जेमतेम ८-९ मिलिमीटरचा फरक. म्हणून बोटभर सरकवायचं नाही, नखभर सरकवायचं, आणि प्रत्येक वेळी तीनपर्यंत मोजून थांबायचं, कारण डब्याला सिग्नल पकडायला दोन-तीन सेकंद लागतात. क्वालिटी सर्वांत वर गेली की मग एलएनबी त्याच्या पकडीत फिरवायचा. गणिताने इंदूरसाठी हा तिरकेपणा ३६ अंशांच्या आसपास येतो, पण अखेरचा निर्णय मीटरचा. शेवटी नट आवळताना डावा थोडा, उजवा थोडा असं आलटून पालटून, मीटरकडे बघतच आवळायचं. एकच नट पूर्ण आवळला की छत्री ओढली जाते आणि जुळवलेलं सगळं वाया जातं. खांब प्लास्टरमध्ये नको, विटेत किंवा काँक्रीटमध्ये हवा. कठड्याच्या नुसत्या गिलाव्यात ठोकलेले बोल्ट पहिल्या मोठ्या वादळात ढिले होतात आणि मग "पाऊस आला की टीव्ही जातो" अशी तक्रार येते. मुसळधार पावसात कु बँडचं (डीटीएचच्या लहरींच्या पट्ट्याचं) सिग्नल काही मिनिटं जाणं स्वाभाविक आहे. रिमझिमीत जात असेल तर जुळणीत किंवा जोडात दोष आहे.

जोड म्हणजे एफ कनेक्टर, वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं टोक. परत येणाऱ्या तक्रारींत सर्वांत जास्त वेळ इथेच जातो, म्हणून हे नीट सांगतो. वायर आरजी-६, ७५ ओहमची. आरजी-५९ जुन्या केबलसाठी चालायची. एलएनबीकडून येणाऱ्या ९५० ते २१५० मेगाहर्ट्झला तिच्यात जास्त गळती होते. चांगल्या आरजी-६ मध्येही वरच्या टोकाला ३० मीटरमागे सुमारे १० डेसिबल जातात. बाहेरचं आवरण सोलल्यावर जाळी मागे दुमडायची आणि तिचा एकही केस मधल्या तारेला शिवणार नाही हे उजेडात धरून बघायचं. एक केस शिवला तरी शॉर्ट होतो आणि डबा एलएनबीची वीज बंद करतो. पांढरं इन्सुलेशन कनेक्टरच्या आतल्या कडेशी बरोबर यावं, आणि मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर २ ते ३ मिलिमीटरच डोकावावी. आखूड राहिली तर संपर्क सुटतो, लांब राहिली तर सॉकेट बिघडतं. पिळून बसवायचे कनेक्टर स्वस्त असतात, पण उघड्यावर आम्ही ते वापरत नाही, दाबून बसवायचेच वापरतो. वरून स्वतःला चिकटणारी रबरी टेप, आणि घरात शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. अर्धे चॅनल दिसतात आणि अर्धे नाहीत, ही तक्रार आली की आम्ही आधी गंजलेला जोडच शोधतो. उपग्रहाच्या लहरी उभ्या (व्हर्टिकल) आणि आडव्या (हॉरिझॉन्टल) अशा दोन प्रकारे येतात; डबा १३ व्होल्ट देऊन व्हर्टिकल आणि १८ व्होल्ट देऊन हॉरिझॉन्टल चॅनल मागतो. जोडात व्होल्ट गळले की १८ चा निरोप एलएनबीपर्यंत पोचतच नाही.

दोन टीव्हीसाठी एका वायरला टी लावून द्या, अशी मागणी नेहमी असते. वरच्याच कारणाने ते चालत नाही. एका खोलीतला डबा १३ मागतो, दुसऱ्यातला १८, आणि एलएनबी एका वेळी एकच ऐकतो. ट्विन, म्हणजे दोन वायरींची तोंडं असलेला एलएनबी घ्या आणि दोन स्वतंत्र वायरी ओढा. रेकॉर्डिंगलाही हेच लागू आहे. एक चॅनल बघत दुसरा रेकॉर्ड करायचा तर डब्यात दोन ट्यूनर (चॅनल पकडणारे भाग) हवेत आणि साधारणपणे छतावरून दोन वायरी. एका वायरीवर दोन ट्यूनर चालवणाऱ्या खास एलएनबी असतात, पण डबाही तशा जातीचा लागतो.

सिग्नल कुठून घ्यायचं, हा मराठी घरांत वेगळाच प्रश्न असतो. ३१ मार्च २०१३ च्या मुदतीत ज्या ३८ शहरांची केबल डिजिटल व्हायची होती, त्यांत इंदूर होतं. २०१९ च्या फेब्रुवारीत चॅनल निवडून पैसे द्यायची पद्धत आली. तेव्हा १०० वाहिन्यांसाठी १३० रुपये अधिक कर असं मूळ भाडं होतं. मध्य प्रदेशातली तयार पॅकेजं मुख्यतः हिंदी असतात. लोकमान्य नगर किंवा सुदामा नगरातल्या घराला मराठी वाहिन्या हव्या असतील, तर एकेक वाहिनी सुटी घेऊन बेरीज करून बघा, आणि मगच केबल की डीटीएच ते ठरवा. फक्त सह्याद्री आणि बातम्यांवर भागणार असेल, तर फ्री डिशला दरमहा काहीच लागत नाही. पण तिथल्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने जातात. आज दिसणारी वाहिनी पुढच्या एप्रिलनंतर असेलच असं धरून चालू नका. डबा एमपेग-४ (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) चाच घ्या. जुन्या एमपेग-२ डब्यात नव्या पद्धतीच्या वाहिन्या लागत नाहीत.

"टीव्हीतच ट्यूनर आहे" म्हणून डबा नको म्हणणाऱ्यांनी माहितीपत्रकातली अक्षरं वाचावीत. डीव्हीबी-सी म्हणजे केबल, टी२ म्हणजे जमिनीवरच्या टॉवरचं, एस२ म्हणजे छत्रीचं. एस२ लिहिलेलं नसेल तर छत्रीची वायर त्या टीव्हीला लावून उपयोग नाही. २०१६ मध्ये दूरदर्शनने १६ शहरांत टी२ सुरू केलं, त्यांत इंदूरही होतं; तरी तेवढ्यासाठी टीव्ही निवडू नका, आधी आपल्या घरात ते पकडतं का ते तपासा. टीव्हीचं स्वतःचं रेकॉर्डिंग फक्त त्याच्या ट्यूनरवर आलेलं घेतं. एचडीएमआयने जोडलेल्या डब्याचं घेत नाही.

आता रेकॉर्डिंग. जागेचा हिशेब सोपा आहे: मेगाबिट प्रति सेकंद गुणिले ०.४५, की तासाचे गिगाबाइट. साध्या चॅनलचे ४ मेगाबिट धरले तर तासाला १.८ जीबी, एचडीचे ८ धरले तर ३.६ जीबी. ५०० जीबीच्या डिस्कवर एचडीचे सुमारे १३८ तास. तीन तासांचं नाटक साध्या चॅनलवर ५.४ जीबी होतं, आणि इथेच अडतं: पेन ड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या फाइल-पद्धतीत फॉरमॅट असेल तर एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. काही डबे तुकडे पाडतात, काही तिसऱ्या अंकाच्या आधी थांबतात. डबा चालवत असेल तर मोठ्या फाइली घेणारी एनटीएफएस पद्धत निवडा. बघण्यासाठी स्वस्त पेन ड्राइव्ह चालतो, रेकॉर्डिंगला नाही. लिहिण्याचा वेग पुरत नाही आणि मध्येच चौकोन पडतात. पोर्टेबल हार्ड डिस्क घ्या, पण तिची वीज तपासा. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअरचं असतं आणि फिरू लागताना डिस्क त्याहून जास्त मागते. टिकटिक आवाज येऊन डिस्क दिसेनाशी होते, ती खराब असते असं नाही. स्वतःचा अडॅप्टर असलेली डिस्क किंवा वीज घेणारा यूएसबी हब लावला की बहुतेक वेळा चालते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुलूप. फ्री डिशच्या बऱ्याच साध्या डब्यांतलं रेकॉर्डिंग टीएस फाइल म्हणून संगणकावर उघडतं. पैसे भरून घेतलेल्या सेवेच्या डब्यातलं रेकॉर्डिंग त्याच डब्याशी बांधलेलं असतं. डबा बदलला की डिस्क तीच राहूनही आतलं काही उघडत नाही, आणि वर्गणी थांबली तरी बहुधा बंदच. नातवाचं टीव्हीवरचं गाणं जपून ठेवायचं आहे असं सांगणाऱ्या आजींना आम्ही हे आधी सांगतो, कारण नंतर कळलं तर त्यावर उपाय नसतो.

टायमर लावलेलं रेकॉर्डिंग चुकतं ते बहुतेक विजेमुळे. लाइट जाऊन आली की काही डबे स्टँडबायवर न जाता पूर्ण बंद राहतात, किंवा घड्याळ जुळेपर्यंत टायमर विसरतात. बरेच डबे १२ व्होल्टवर चालतात. अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून राउटरला लावतात तसा छोटा डीसी यूपीएस लावला की डबा चालू राहतो. डिस्कचा अडॅप्टर वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप द्यावा लागतो, हे विसरलं जातं. सुरुवात आणि शेवट ठरलेल्या वेळेआधी ५ आणि नंतर १५ मिनिटं धरा, क्रिकेट असेल तर नंतर तासभर. गडगडाटात प्लग काढा आणि छत्रीची वायरही काढा. नुसता प्लग काढून एचडीएमआय पोर्ट वाचत नाही.

काम संपल्यावर आम्ही डब्याच्या तळाशी एक चिठ्ठी चिकटवतो: तारीख, वायरीची लांबी, एलएनबी सिंगल की ट्विन, आणि कोरड्या दुपारी दिसलेली क्वालिटी. पुढच्या पावसाळ्यात तक्रार आली की आमचा मुलगा छतावर चढण्याआधी ती चिठ्ठी वाचतो.